खांदेमळणीचं तूप

खडकवाडी, ता. अंबड
१६ जानेवारी २०२५

शीतल,

संक्रांत झाली. तिळगूळ पाठवणार होते, पण तुझे सासरे म्हणाले, "ती घ्यायची न्हाई, डबा परत यील." म्हणून नुसतं पत्र पाठवते. फोन तू उचलत नाहीस. आधी निदान रिंग तरी जायची, आता कुणी बाई सांगते की हा नंबर उपलब्ध नाही. एका परातीत पीठ मळलं आपण, आणि मला हे परक्या बाईकडून कळावं.

अंगणवाडीत रजिस्टरं भरण्यात माझा जन्म गेला, लिहिण्याचा मला कंटाळा नाही. चाकणला भावाकडे जाऊन बसलं म्हणजे सासू गप्प बसेल असं तुला वाटत असेल, तर एवढ्या वर्षांत तू मला ओळखलंच नाहीस. न वाचता कपाटात टाक. मी लिहीत राहणार.

तेराव्याला सगळ्या सोयऱ्यांदेखत तू म्हणालीस, "आत्याबाई, तुमच्या तुपानं माझा नवरा खाल्ला." दुसऱ्या दिवशी तृप्तीला घेऊन गेलीस. मी उलटून बोलले नाही, हे बघून तुलाही नवल वाटलं असेल. बोलले नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. आजही वाटतं. पण खांदेमळणीच्या संध्याकाळी तू आत डाळ निवडत होतीस, तू ते सगळं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलंस. आता माझ्याकडून ऐक.

पाडव्याला ट्रॅक्टर आला आणि लाल्या-गुजऱ्याची जोडी गेली. पोळा आला तेव्हा गोठा रिकामा. पोळ्याला ट्रॅक्टर धुऊन हार घालणारे गावात पुष्कळ आहेत, पण आदल्या दिवशी त्याची खांदेमळणी कुणी करत नाही. मला राहवलं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून बैलांच्या खांद्याला तूप-हळद मीच लावत आले. जू ओढून ओढून खांदा सोलवटतो, त्याला एक दिवस तरी मऊ हात लागावा. वाटी घेऊन अंगणात गेले आणि सोमेश्वरला विचारलं, "ह्याचा खांदा कुठं रे?" तो पोट धरून हसला. मागच्या मोठ्या चाकाच्या आतल्या बाजूला हात ठेवून म्हणाला, "हा धर खांदा. सगळं वझं ह्याच्यावरच हाये." मी तिथं चांगलं चोळून चोळून तूप लावलं. मग बैलाच्या कानात सांगतात तसं बॉनेटपाशी वाकून म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." त्यावर हा म्हणतो, "आई, त्याला डिझेलचं आवतण दे."

पुढच्या रविवारी ऋषीपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून मी वेगळी भाजी शिजवत होते. तो चहा पिताना म्हणाला, "आई, आता घरचं समदं चालतं तुला. बैल कुठं राह्यलाय आपल्याकडं?" मी म्हटलं, "मंग ट्रॅक्टरचे कष्ट ते कष्ट न्हाईत का?" हसत हसत चावी घेऊन गेला. पाटाच्या उतारावर ब्रेक लागला नाही. ट्रॅक्टर पाटात उलटला आणि माझा सोमेश्वर त्याच्या खाली सापडला.

मग तो कंपनीचा इंजिनिअर आला. चाकाच्या आत हळद वाळलेली दिसली. बोटानं खरवडून वास घेतला, मोबाइलवर फोटो काढले आणि विचारलं, "हे काय आहे?" मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "आजी, ब्रेकवर कुणी तूप लावतं का?" त्याच्या कागदावर तेवढंच आलं. ग्राहकाने ब्रेकच्या भागावर तेलकट पदार्थ लावला, कंपनी जबाबदार नाही.

थंडी आहे. तृप्तीच्या कानाला कापूस लावत जा, तिचा कान लगेच धरतो.

उषाबाई


२ मे २०२५

शीतल,

मागच्या पत्राचं उत्तर नाही. नसू दे.

तू गेल्यापासून या घरात तूप नाही. पाडव्याला पुरणपोळी केली, ती दुधाशी खाल्ली. देवापुढं तेलाचा दिवा लावते. शेजारची बेबीनंदा म्हणाली, "काकू, तुपानं तुमचं काय वाकडं केलं?" सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं. तुझे सासरे जेवण झालं की अंगणात ट्रॅक्टरपाशी जाऊन बसतात. बॉनेटवर सोमेश्वरनं रंगवून घेतलेलं 'तृप्ती' हे नाव अर्धं खरवडून गेलंय, ते बघत बसतात. एकदा मी म्हटलं, "मला शिव्या तरी द्या एकदाच्या." म्हणाले, "शिव्या दिऊन काय हुतंय. जेवलीस का?" असल्या माणसाशी भांडता तरी कसं येणार.

मी कंपनीला फोन करतेय. तुला वाटेल भरपाईसाठी. नाही गं. मला एकच विचारायचंय. वाटीभर तुपानं एवढ्या मोठ्या ट्रॅक्टरचा ब्रेक जातो का? हो म्हणाले तर हो. मला माझ्या मनाशी एकदा पक्कं करायचंय.

पण तिथं माणूसच लागत नाही. आधी गाणं वाजतं. मग नवा ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर एक दाबा, सुट्या भागांसाठी दोन दाबा. लेक गेला असेल तर काय दाबायचं, ते सांगत नाहीत. शेवटी एक पोरगी येते, गोड बोलते, तक्रार लिहून घेते आणि म्हणते, इंजिनिअर फोन करतील. तो करत नाही. पुन्हा लावावं तर नवीनच पोरगी. तिला मागचं काही ठाऊक नसतं. मग पुन्हा पाडवा, पोळा, पाटाचा उतार. दर खेपेला मला माझा सोमेश्वर पहिल्यापासून मारून सांगावा लागतो. एकजण म्हणाली, "मॅम, आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल क्षमस्व." मी म्हटलं, "पोरी, असुविधा न्हाई गं, लेकरू व्हतं माझं." ती म्हणाली, "आणखी काही मदत करू शकते का?" तिचा तरी काय दोष. तिच्यापुढं लिहिलेलं असतं ते ती वाचते.

आठवतं का, सोमेश्वरनंही त्यांना फोन केला होता. पोळ्याच्या आधीपासून म्हणत होता, ब्रेकचं पॅडल खाली जातंय, दोनदा दाबावं तेव्हा धरतंय. तक्रार टाकलीय, माणूस येणार म्हणाला. माणूस काही आला नाही. गणपतीचे दिवस, म्हणून आपणही कुणी मागे लागलो नाही.

तृप्तीला शाळेत घातलंस का? रंगपेटी पाठवतेय. ती तरी परत करू नकोस.

उषाबाई


११ जुलै २०२५

शीतल,

हे पत्र नीट बसून वाच. घाईत लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस.

यांच्या गुडघ्याचं औषध आणायला अंबडला गेले होते. स्टँडच्या बाहेर आपल्या कंपनीची जाहिरातीची गाडी उभी होती, वर भोंगा. भोंगा ओरडत होता, "तेलात बुडालेले ब्रेक! चिखल आत जाणार नाही, पाणी आत जाणार नाही!" मी औषधाच्या दुकानाची पायरी उतरत होते, तिथंच खाली बसले. लोकांना वाटलं, मला चक्कर आली.

हेच बोल मी घरात ऐकले होते. ट्रॅक्टर विकायला तो मच्छिंद्र आपल्याकडं आला, पिठलं-भाकरी खाल्ली, आणि ओसरीवर बसून सांगत होता. ब्रेक आतमध्ये बंद डब्यात असतात, तेलातच असतात, बाहेरचं काही आत शिरत नाही. म्हणून तर सोमेश्वरनं हा ट्रॅक्टर पसंत केला, रोज पाटाच्या चिखलातून जायचं म्हणून.

गाडीत मच्छिंद्रच होता. मी खिडकीपाशी जाऊन म्हटलं, "मच्छिंद्र, चिखल आत जात न्हाई, पाणी आत जात न्हाई. मंग माझं तूप कसं गेलं रे?"

त्यानं भोंगा बंद केला. म्हणाला, "काकू, म्या फक्त गाड्या विकून राह्यलो. सर्व्हिसचं आपल्या हातात न्हाई."

"आणि तेल तर आधीच आत भरलेलं. मंग तेलकटानं ब्रेक गेला असं कोण्या तोंडानं लिहिलं?"

"सोमेश्वरभाऊनी तक्रार टाकली व्हती, ती जर टायमावर बघितली असती..." एवढं बोलून तो थांबला. मी सोडते की काय. मग म्हणाला, "ती बंद केल्ती काकू. गाडी न बघताच. कोणी केली ते शोरूमला इचारा, माझं नाव घिऊ नका."

ऐकलंस? माझ्या तुपाचा काही संबंध नव्हता. दहा महिने मी स्वतःला खुनी म्हणत झोपले आणि खुनी म्हणत उठले. तुझं ते वाक्य रोज भाकरीबरोबर गिळलं. खोटं होतं ते सगळं. ब्रेक मुळातच नासका होता, सोमेश्वरनं ओरडून सांगितलं होतं, आणि कुणीतरी बसल्या जागी त्याची तक्रार मिटवून टाकली.

आता मी जालन्याला शोरूमला जाणार आणि त्याचं नाव काढणार. जो कोणी असेल त्याला देवानं बघावं. माझ्या लेकराची तक्रार ज्यानं न बघता बंद केली, त्याच्या ताटात सुखाचा घास पडू नये. त्याच्या दारात लेकराचं हसू राहू नये. बाई आहे मी, आई आहे, माझा तळतळाट लागल्याशिवाय राहायचा नाही.

तू आता तरी ये. मला माफी नको, तू फक्त ये.

उषाबाई


२९ जुलै २०२५
नागपंचमी

शीतल,

मागचं पत्र उघडलं नसशील, तर उघडू नकोस. तुझ्या भावाच्या, भारतच्या हाती दे आणि गॅसवर जाळून टाक म्हणावं. उघडलं असशील, तर मी आता काय लिहू ते मला कळत नाही. तरी लिहिते.

काल मी जालन्याला गेले होते. शोरूमला नवा मालक, नव्या खुर्च्या. काउंटरवर ज्योत्स्ना नावाची मुलगी होती. भली पोर आहे. तिनं मला पाणी दिलं आणि कॉम्प्युटरवर सोमेश्वरची तक्रार काढली. मी म्हटलं, "बंद करणाराचं नाव सांग." ती म्हणाली, "काकू, गिऱ्हाइकानं कोड दिल्याबिगर तक्रार बंदच हुत न्हाई. काम झालं की मोबाइलवर चार आकडे येतात, ते मेकॅनिकला सांगायचे. हे बघा, ह्या नंबरवर कोड गेल्ता. तिथूनच दिलाय."

ट्रॅक्टर तुझ्या नावावर, म्हणून नंबर तुझा. मला तो वाचायचीही गरज नव्हती. तो लावून लावून माझं बोट झिजलंय.

मी विचारलं, "गाडी न बघता कोड मागतात का?" ज्योत्स्ना इकडं तिकडं बघून हळूच म्हणाली, "सणाच्या आधी तक्रारी उघड्या दिसल्या की वरून बोलणी बसतात काकू. मंग फोनवरच मागून घेत्यात."

एसटीत बसले आणि मला ती दुपार दिसली. हरताळकेची. तू आणि मी परसात वाळूची पिंड करत होतो. तुझे दोन्ही हात ओल्या वाळूत. फोन वाजला, तू कोपरानं स्पीकर लावलास. कुणीतरी म्हणालं, "ताई, कोड आलाय बघा, तेवढा सांगा." गॅसची टाकी त्याच दिवशी यायची होती. दर टाकीला आपण कोड सांगतो, न विचारता. तू आकडे वाचत होतीस आणि मी म्हणाले, "सांग की लवकर, पिंड ढासळून राह्यली." तू सांगितलास.

तो ट्रॅक्टरचा कोड होता.

तुला कधी कळलं, शीतल? त्याच संध्याकाळी मेसेज आला असेल, तक्रार मिटली म्हणून. तो तू वाचला नसशील, उपास होता, जागरण होतं. सोमेश्वर गेल्यावर वाचला असशील. आणि मग तो इंजिनिअर आला आणि तूप म्हणाला. बुडत्याला काडी मिळावी तसं तुला ते तूप मिळालं. मी तुझ्या जागी असते तर मीही धरलं असतं. तेराव्याला तू ओरडलीस तेव्हा तुझे डोळे माझ्याकडं नव्हते, जमिनीकडं होते. तेव्हा मला वाटलं, रागानं.

हे म्हणाले, "आपल्याला कळलंय हे तिला कळू दिऊ नको. झाकून ठिव." मी आयुष्यात यांचं फारसं ऐकलं नाही, हेही ऐकणार नाही. झाकून झाकून तू चाकणला गेलीस आणि मी इथं बिनतुपाची राहिले. आणखी किती झाकायचं?

तुझ्याकडून तो कोड फसवून घेतला, पोरी. तू काही केलं नाहीस. आणि केलंच म्हणायचं तर कोड सांगणारी तू, घाई करणारी मी. तो शाप मी रागात लिहून बसले. तोंडातून गेलेला शाप परत येत नाही, असं माझी आई म्हणायची. मग तो माझ्या एकटीच्या नावावर राहू दे. मी आजच देवापुढं तसं सांगितलं. तृप्तीच्या हसण्याला काही होऊ नये.

रडू येतंय म्हणून थांबते.

तुझी आत्याबाई


२१ ऑगस्ट २०२५
खांदेमळणी

शीतल,

सोमवारी दुपारी तुझा फोन आला. बोलली नाहीस. मीही बोलले नाही, बोलले असते तर तू ठेवला असतास. मागे कुकरची शिट्टी झाली आणि तृप्ती पाढे म्हणत होती. सातच्या पाढ्यात चुकली ती. मग तू रडलीस. फोन बंद झाला, तरी मी तो कानाला तसाच धरून बसले. हे दारात उभे होते. "कोण व्हतं?" म्हणाले. मी म्हटलं, "आपलीच व्हती." मग ते परसात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

मी नवी तक्रार टाकलीय. या वेळी नंबर माझा. ब्रेक नासका होता, तो तपासा आणि तुपाचं जे लिहिलंत ते खोडा, एवढंच लिहायला लावलं. अजून कुणी आलं नाही. पण फोन मात्र येतात. पोळा आला ना. "काकू, तुमची तक्रार आम्ही पुढं पाठवली, तेवढा कोड सांगा." मी सांगत नाही. एकजण चिडला, "काकू, आमच्या नोकरीचा सवाल हाये." मी म्हटलं, "मंग गाडी बघायला ये. भाकर खाऊ घालीन, पण कोड द्यायची न्हाई." मी मरेपर्यंत ती तक्रार उघडी राहील. त्यांना तिचं काही वाटायचं नाही, हे मलाही कळतं. पण सोमेश्वरची एकदा मिटवून दिली, पुन्हा नाही.

आज मी तूप कढवलं. घरभर वास सुटला, तसे हे आत आले, चुलीपाशी बसले आणि बोट बुडवून चाखलं. वाटीत तूप आणि हळद कालवली आणि मग माझ्या लक्षात आलं, लावू कुणाला? गोठा रिकामा. अंगणातल्या त्या लोखंडाला हात लावायला माझा जीव धजत नाही.

वाटी देवळीत झाकून ठेवलीय. वर्षभर ज्यानं ओझं ओढलं त्याच्या खांद्याला लावायचं, एवढीच ती रीत. हे वर्ष तू ओढलंस, एकटीनं, कुणाला न सांगता. ती वाटी तुझी आहे.

ऋषीपंचमीला सोमेश्वरचं वर्षश्राद्ध. सोयऱ्यांना बोलावलेलं नाही, आपण चौघंच. तू नाही आलीस तर आम्ही दोघं.

हे पत्र पोचेल तोवर पोळा होऊन गेलेला असेल. तरी रीतीप्रमाणे, तुझ्या कानाशी वाकून सांगते. आज आवतण घे पोरी, उद्या जेवायला ये.

तुझी आत्याबाई